एकही कार्ड नाही

शिट्टी वाजली तेव्हा कप्तानांच्या मुठीत इस्पितळाच्या कंपाउंडरचा शर्ट होता. कंपाउंडर चोवीस वर्षांचा, कप्तान बासष्टचे. चेंडू घेऊन तो त्यांना केव्हाच ओलांडून गेला होता, आणि पायांना जमलं नाही ते कप्तानांच्या हाताने परस्पर उरकून टाकलं होतं.

पंच पळत आली. पंच म्हणजे त्यांचीच धाकटी मुलगी. तिने खिशातून पिवळं कार्ड काढलं आणि बापासमोर धरलं.

सामना होता कप्तानांच्या सत्काराचा, आणि फुटबॉल क्लबच्या भिंतीवर रंगाऱ्याने सकाळीच लिहून ठेवलं होतं : ‘अठरा वर्षे, दोनशे अकरा सामने, एकही कार्ड नाही.’ चषक काय, पुष्कळांनी जिंकले होते. गाव कप्तानांना ओळखायचं ते शेवटच्या तीन शब्दांनी.

क्लबचे सेक्रेटरी धावत आत आले. “अगं, गमतीचा सामना आहे हा. आजच्या दिवशी तरी बाबांना सोड.”

“काका, आधी रेषेबाहेर व्हा. नाहीतर तुम्हालाही दाखवीन.”

सकाळी चहा पिताना तिने बजावलंच होतं, “बाबा, मी पंच असताना खेळू नका. मी सोडणार नाही.”

“मला कार्ड देणारा अजून जन्माला यायचाय,” कप्तान म्हणाले होते.

“देणारी कधीच जन्माला आलीय,” बायको म्हणाली होती. “मी होते तिथे.”

कप्तानांचे कान तापले. अठरा वर्षं जपलेली अब्रू, आणि ती घरच्याच माणसाने चारचौघांत काढावी? ते बोलणार होते, पण त्यांना तिचा हात दिसला. कार्ड धरलेला तो हात खाली येत नव्हता. हे मैदान उकिरडा होतं तेव्हा वस्तीतल्या पोरांना अनवाणी पळता यावं म्हणून दोन वर्षं ते रोज सकाळी इथल्या काचा वेचत होते. बादली धरायला हाच हात असायचा. पुढे पहिल्या सामन्यात शिव्या खाऊन ती घरी आली, शिट्टी कोपऱ्यात भिरकावून रडत बसली, तेव्हा त्यांनीच तिला सांगितलं होतं, “दिसलं ते दिसलं. समोर कोण उभंय ते बघायचं नाही.”

पोरीने ऐकलं होतं म्हणायचं. कप्तानांचा ऊर भरून आला.

त्यांनी हात वर केला. “माझीच चूक. शर्ट ओढला मी.” मग तिला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाले, “खेळायचो तेव्हाही पुष्कळ ओढले गं. कोणाला दिसले नाहीत, एवढंच.”

“माहितीये. तुमच्या जुन्या सामन्यांच्या कॅसेट बघूनच शिकले मी,” ती म्हणाली. “आता मागे सरका. फ्री किक आहे.”

सामना संपल्यावर रंगारी भिंतीपाशी घुटमळत होता. “राहू दे ना कप्तानसाहेब. आम्ही कोणी काही बघितलं नाही.”

“तिने बघितलं ना? मग पूस.”

रंगाऱ्याने त्या तीन शब्दांवर पांढऱ्या रंगाचा हात फिरवला. “काय लिहू?”

“एक कार्ड. आणि जिने दिलं तिचं नाव. चांगलं ठसठशीत.”

“एवढी जागा कुठाय? वर तुमचंच नाव केवढं मोठं झालंय.”

“मग ते लहान कर.”

रंगारी पुटपुटत शिडीवर चढला. शिडीचा एक पाय डुगडुगत होता. कप्तानांनी ती दोन्ही हातांनी घट्ट धरली, आणि नाव पुरं होईपर्यंत सोडली नाही.