बोडीवरची मूठभर माती

ऐक ना दोस्ता, फक्त ऐक. मधात काही विचारू नको, नाहीतं माहं सांगाचं राहून जाईन.

मी एक आमरी आहे, इंग्रजीत ऑर्किड म्हणतात थे फुलझाड. साकोलीच्या अलीकडे एका गावात, बेबीबाईच्या मोरीमागं, रंगाच्या जुन्या डब्यात राहते. माह्या रांगेत अजून दहा डबे आहेत. त्यायच्यात कालपर्यंत नुसता चिखल दिसे. तरी बेबीबाई रोज सकाळी अकराही डब्यायले पाणी घालते. एकेक लोटा, सारखाच.

माहं घर म्हणजे धानाच्या बांध्यायवरची बोडी. लहान तलावच म्हण. तिच्या काठच्या चिखलात आमी अकरा जणी होतो. पावसात पानं काढाची, भादव्यात पांढरी फुलं, अन् हिवाळा लागला का वरचं सगळं वाळवून मातीतल्या गाठीत झोपून राहाचं. अन् आमची गाठ एकच वर्ष जगते, बरं का. तिच्या बाजूले नवी गाठ धरते, जुनी तिले सगळं देऊन सुरकुतून जाते. म्हणजे बोडी पाहिली थे मी नाहीच. माह्या आधीच्या मीनं पाहिली. थे सालीवानी माह्या बाजूले पडून होती, अन् तिच्या आठवणी मले येत.

गावात आमाले सगळे गवतच म्हणत. ओळखलं दामिनीनं. दामिनी म्हणजे बेबीबाईची पोरगी, कॉलेजात शिकते. मागच्या भादव्यात थे मायले घेऊन बोडीवर आली.

"आई, उन्हाळ्यात जेसीबी येते. बोडी खोल करणार, काठ सगळा जाणार. त्याच्या आत ह्यायले घरी नेऊ. मंग पुन्हा आणून लावू."

"अस्सं? मंग तू सरक वं. रोवण्यात माहा हात कोणी धरत नाही."

खोटं नव्हतं थे. गावात बेबीबाईसारखा रोवणा कोणाचाच नाही. धानाचे पऱ्हे उपटाचे, मुळं पाण्यात खळखळ धुवाची, जुडी बांधून नव्या चिखलात खोचाचे. तिनं आमचंही तसंच केलं. एकेकीले उपटलं, बोडीच्या पाण्यात मुळं पांढरीफेक होईपर्यंत धुतलं.

"पाय पाहा, जशा नवऱ्याच आहेत," असं म्हणून हासली.

दहा झाल्या. मी ढेकळासकट घमेल्याच्या कडेले चिकटून राहिली होती. दामिनीनं मले तशीच डब्यात ठेवलं.

"ही बिनआंघोळीचीच राहिली," बेबीबाई म्हणे. "आळशी कुठची."

आठ दिवसात दहाही जणी पिवळ्या पडल्या. ऊन लागलं असन, असं दोघीयले वाटलं. हिवाळ्यात मीही वाळली, तं फरक कोणाले दिसला नाही. उन्हाळ्यात जेसीबी आला, बोडीचा काठ ट्रॉलीत भरून गेला.

पाऊस पडला. मी पान काढलं. मी एकटीनंच.

दामिनीनं कॉलेजच्या सरांले विचारलं. घरी आली तवा बेबीबाई भांडे घासून राहिली होती.

"आई, ह्यायच्या मुळापाशी बुरशी असते. तिथल्याच चिखलातली. तीच ह्यायले जेवू घालते. आपण थे धुवून टाकली."

बेबीबाईचा हात थांबला. "आपण नाही," थे म्हणे. "मी."

आता तुले सांगते थे कोणाले सांगू नको. दुपारी घर सामसूम झालं का मले त्यायचा आवाज येते. त्या डब्यायतून. त्या मोजतात. एक, दोन, तीन, अशा दहापर्यंत येतात अन् थांबतात. अकरा म्हणाची पाळी माही. मी बोलत नाही.

परवा बेबीबाई माह्यापुढं येऊन बसली.

"हिच्या मातीत थे बुरशी आहे ना? दहाही जणीले थोडी थोडी देते."

"एकच वाचली आहे, आई. उकरलं तं हीही जाईल."

"अन् त्या?"

"त्या गेल्या."

"काढून पाहिलं तू?"

कोणीच काढून पाहिलं नव्हतं.

बेबीबाईनं खुरपी बाजूले ठेवली अन् बोटं घातली. तीच बोटं, दोस्ता. तिनं दहा चिमट्या माती काढली, दहा डब्यायत पुरली. एका चिमटीत माही ती जुनी सालही गेली, तिसऱ्या डब्यात. तवापासून मले बोडी आठवत नाही. तुले सांगितली थे नुसती पाठ आहे म्हणून.

आज माहं पान एका कडेनं पिवळं पडलं. अन् तिसऱ्या डब्यात हिरवं टोक आलं आहे. दामिनी म्हणते गवत असन. बेबीबाई कोणाले हात लावू देत नाही.

मी एवढंच सांगते. काल दुपारी त्यायनं मोजलं, तं एक, दोन, अन् एकदम चार. तीन कोणी म्हटलंच नाही. मंग दहा झाले, अन् सगळ्या माह्यासाठी थांबून राहिल्या.

तू तिथं असता, दोस्ता, तं मले शाबूत ठेवलं असतं, का त्यायच्यासाठी उकरलं असतं?