वर्गमुळावरची पट्टी

त्या संध्याकाळी मार्तंड मास्तर आणि त्यांची मुलगी प्रतिमा मलकापूरच्या छापखान्यात नेहमीसारखी प्रूफ तपासायला बसली होती. मास्तरांच्या बीजगणिताची शेवटची आठ पानं तेवढी उरली होती. हस्तलिखितातून प्रतिमा एकेक चिन्ह मोठ्यानं वाचायची, "कंस सुरू, क्ष वर्ग, उणे सात, कंस पूर्ण," आणि मास्तर प्रुफावर बोट ठेवून "हं" म्हणायचे. कादंबऱ्या वाचणाऱ्या ताईच्या तोंडी गणितही कीर्तनासारखं लागतं, असं शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, जुळवणारा इंद्रभान म्हणाला, तेव्हा मास्तर पोट धरून हसले.

एका गणितात वर्गमुळावरची आडवी रेघ छापणारी पितळी पट्टी आखूड पडली होती. मास्तरांनी समासात ‘पट्टी वाढवा’ लिहिलं. कुठपर्यंत, ते लिहिणार तोच वीज गेली. उद्या पाहू म्हणत दोघं घरी आली.

सकाळी मास्तर अंघोळीला म्हणून बंबाजवळ गेले आणि तिथंच खाली बसले. उठले नाहीत.

तेरावं आटोपलं आणि छापखान्याचे मालक भगवानराव यांनी प्रतिमाला छापखान्यात बोलावून घेतलं. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीची पत्रकं छापायची होती आणि निम्मे खिळे त्या आठ पानांत अडकले होते. दिवेलागणीपर्यंत प्रूफ पक्कं झालं तर पानं छापू, नाहीतर फर्मा, म्हणजे चौकटीत कसलेली ती जुळणी, सोडून खिळे मोकळे करावे लागतील. मग पुन्हा कधी जुळेल ते सांगवत नाही, असं ते तिच्याकडे न पाहता म्हणाले.

प्रतिमानं सगळं वाचून काढलं. अडलं ते त्या एका पट्टीपाशी. हस्तलिखितातली रेघ घाईत ओढलेली, दुसऱ्या आणि तिसऱ्या पदाच्या मधेच संपलेली. उत्तरं मास्तर शेवटी लिहिणार होते, ती लिहिलीच नव्हती. तिनं पट्टी दोन पदांवर धरून गणित सोडवलं, सुटलं. तीन पदांवर धरली, तरी सुटलं. पाठकोरे कागद भरत गेले. बाबांच्या नावावर अंदाजानं काही छापायला तिचा हात धजेना.

"ते एक गणित काढून टाका न ताई," इंद्रभान म्हणाला. "पोरांले तेवढंच हलकं."

तिनं मान हलवली. पुढचं गणित याच्याच आधारावर उभं होतं.

बाहेर दुकानांत दिवे लागले. भगवानराव बराच वेळ दारात उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "सोड बे फर्मा."

इंद्रभाननं चौकटीला किल्ली लावली. कसलेली पानं सैल झाली.

लहानपणापासून बाबा शिकवायचे तेव्हा कळलं नाही तरी तिनं मान डोलावली होती. शाळेतल्या इतर मुली अडलं की बिनदिक्कत हात वर करायच्या. मास्तरांच्या मुलीला ते कधी साधलं नाही. घरी येऊन ती पुस्तकात तोंड खुपसायची.

ती उठून त्या सैल पानापाशी आली. शिशावर उलटी उमटलेली अक्षरं तिला धड दिसेनात.

"बाबा," ती मोठ्यानं म्हणाली, "मले समजलं नाही. पुन्हा सांगा."