पन्नास ग्रॅमचा गुन्हा

आमचे हे वजनमापे निरीक्षक. दुकानोदुकानी जायचं, वजनाच्या बुडाचा शिशाचा शिक्का तपासायचा, खोट निघाली तर जप्ती. जगाची वजनं तपासणाऱ्या या माणसाचं घरात मात्र तोळाभरही वजन नव्हतं. सासरे निवृत्त फौजदार. म्हणायचे, "अधिकारी म्हणजे ज्याला बघून चोर पळतो. तुला बघून कोण पळतं? वाणी!" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग कचेरीतून फॉर्म आला. कायद्याची अंमलबजावणी करणारे अधिकारी कोण कोण, याची नवी यादी होणार होती. यादीत नाव आलं की छातीवर बिल्ला. यांनी असा ध्यास घेतला, की आरशासमोर खिशावर बाटलीचं झाकण धरून बघायचे. मी पाहिलं नाही असं त्यांना अजून वाटतं.

गाडी अडली एका रकान्यावर : 'निर्भयपणे केलेली एक कारवाई, साक्षीदाराच्या सहीसह.'

"कारवाई आहे," हे म्हणाले, "पण सही कोण देणार?"

सासूबाईंचं कोपऱ्यावर किराणा दुकान. गेल्या वर्षी यांनी तिथलं एक किलोचं वजन उलटं केलं. शिसं गायब, पन्नास ग्रॅम कमी. यांनी रीतसर पंचनामा केला, वजन जप्त केलं आणि आईच्या हातात पावती ठेवली. तेव्हापासून सासूबाई यांच्याशी माझ्यामार्फत बोलायच्या. "त्या निरीक्षकांना विचार, जेवणार का."

शेवटी यांनी तीच कारवाई लिहिली. सहीची जागा कोरीच ठेवली. सासऱ्यांनी फॉर्म ओढला, वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"तीस वर्षं मी दरोडेखोर धरले," ते स्वयंपाकघराकडे बघत हळूच म्हणाले. "ते वजन हलकं आहे हे मला लग्नापासून माहीत होतं. पण हिला विचारायची छाती झाली नाही." त्यांनी झोकात सही ठोकली. "घ्या, साहेब."

'साहेब' ऐकून यांचे डोळे भरले. खरं सांगते, माझेही.

तेवढ्यात सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. फौजदारसाहेब ताडकन उभे राहिले.

"तुमचं नंतर बघते," त्या नवऱ्याला म्हणाल्या आणि वर्षभरानं पहिल्यांदा थेट मुलाकडे वळल्या.

"पेन दे रे इकडे. आरोपीची सही कुठे करायची?"