चौथऱ्यावर बसवलेला रोलर

मी बार्टन ग्राउंडचा दगडी रोलर बोलतोय. दगडानं बोलू नये, असं माणसं धरून चालतात. पण माणसंच दिलेला शब्द गिळायला लागली, तर दगडानं तोंड का उघडू नये?

श्रीरामपूरकडं जाताना बार्टन फाटा लागतो. ग्राउंड तिथंच. नाव एका इंग्रज साहेबाचं. पाटाचं काम चालू असताना त्याचा तंबू इथं होता. भराव दाबायला त्यानं मला काळ्या दगडातून घडवून घेतलं. काम संपलं, साहेब बोटीत बसून गेला, मी बाभळीत पडून राहिलो. त्याच्या तंबूवर पाणी भरणाऱ्याच्या घराला लोक ‘बार्टनचे’ म्हणायला लागले. पुढं शाळेच्या दाखल्यावर तेच आडनाव चढलं.

ग्राउंड मात्र साहेबानं कधी डोळ्यानं बघितलं नाही. ते केलं त्या पाणक्याच्या पोरानं, कोंडीरामनं. बाभळी तोडल्या, खडे वेचले, बैल जुंपून मला बाहेर काढलं आणि तीन उन्हाळे फिरवलं. मग कबड्डी सुरू झाली. तेव्हापासूनची रीत: सामन्यांच्या पहिल्या सकाळी माझ्यावर तांब्याभर पाणी ओतायचं, आणि पहिला फेरा कोंडीरामच्या घरानं ओढायचा. त्याआधी कुणी आत पाय टाकायचा नाही.

कोंडीराम थकला, तेव्हा सून गोजरबाईनं दोर खांद्यावर घेतला.

“बाईमाणूस रोलर ओढतंय!” कुणीतरी बोललं.

“मग तू वढ. न्हाई ना? मग बाजूला हो, पाय चिरडंल.”

ती पुढनं ओढायची, खेळाडू मागनं रेटायचे. त्यातलाच एक मच्छिंद्र. पडला-झडला की गोजरबाईच त्याचे गुडघे धुवायची. आज तो ग्राउंडाच्या कबड्डी मंडळाचा अध्यक्ष आहे. कोंडीराम वारला, तेव्हा गोजरबाईनं त्याच्याकडं एकच मागितलं, ग्राउंडावर सासऱ्याचं नाव.

“काकू, रोलरवरच कोरतो आबांचं नाव. माझा शब्द,” मच्छिंद्र म्हणाला. मी ऐकलंय.

गेल्या हिवाळ्यात गवंडी आले. माझा लोखंडी दांडा कापला, मला सिमेंटच्या चौथऱ्यात बसवलं, अंगावर छिन्नी चालवली. खोटं कशाला बोलू, मी हरखलो होतो. नाव येतंय ना!

सामन्यांचा दिवस उजाडला. मांडव, पाहुणे, स्पीकर. गोजरबाई नवं लुगडं नेसून, तांब्या आणि दोर घेऊन आली. माझ्यावरचा कपडा निघाला. चौथी शिकलेली बाई. बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं: ‘बार्टन साहेब यांनी उभारलेले ऐतिहासिक मैदान.’ खाली मच्छिंद्रच्या बापाचं नाव, ठळक. कोंडीराम कुठंच नाही.

“मच्छिंद्र, आबा कुठं हायेत?”

“बार्टन लिवलंय की, काकू! तुमचं आडनाव तेच. घरातलंच झालं!”

मांडव हसला.

“घरातलं? तुझं गुडघं धुवाया साहेब आल्ता का रं?”

मच्छिंद्र जवळ येऊन हळूच म्हणाला, “पाव्हण्यांपुढं तमाशा नको. साहेबाचं नाव असलं की मोठ्या स्पर्धा मिळत्यात. कोंडीरामला कोण वळखतं?”

तिनं तांब्या माझ्यावर ओतला. दोर बांधायला दांडा शोधला, तो नव्हता. मग खांदा लावला आणि रेटलं. एकटीनं. एवढ्या लोकांत एक माणूस उठला नाही. मी जीव एकवटला, पण सिमेंट ते सिमेंट. गव्हाएवढाही हललो नाही.

तिनं मच्छिंद्रकडं नाही, माझ्याकडं बघितलं.

“तूबी त्यांचाच झालास व्हय?”

आता ट्रॅक्टरचा रोलर येतो, आला तर. मधल्या रेषेपाशी उंचवटा झालाय, आता कबड्डी खेळणाऱ्या पोरींचे गुडघे सोलवटतात. माझ्यावर लोक टॉवेल वाळत घालतात, फोटो काढतात. गोजरबाई फाट्यावर एसटीला जाताना इथूनच जाते. थांबते, कोपरापासून हात जोडते आणि मोठ्यानं म्हणते, “बसा साहेब, बसा!”

छिन्नी सोसली, पण हे सोसत नाही.

पोरींनो, तुम्ही रोज इथं पडता, म्हणून तुम्हालाच सांगतो. मला हार नको. एक पहार आणा आणि हा चौथरा फोडा. मग गोजरबाईला हाक मारा. दोर तिनं टाकलेला नाही, तिच्या घरात खुंटीला आहे.

आणि रेटायला या वेळी तिला एकटीला सोडू नका.