शेवाळाचं शेत

बोईसरच्या पूर्वेला डोंगराच्या उतारावर चिंधूची नागली पिकवायची वरकस जमीन होती. सहासष्टच्या भादव्यात वरचा ओढा फुटला आणि दुपारभरात सगळी माती धुऊन गेली. उरला नुसता काळा कातळ.

पुढच्या पावसाळ्यात त्या कातळावर शेवाळ धरलं. शाळेचे एकनाथ गुरुजी वाटेनं जाताना ते पाहून सहज म्हणाले, “चांगली खूण आहे, चिंधू. दगडावर आधी शेवाळ येतं, मग माती होते.”

चिंधूनं घरी येऊन बायकोला, ठमीला, हे सांगितलं. ती म्हणाली, “मग वाट कशाला बगायची? रानातला शेवाळ आणून घालू.”

दोघं कामाला लागली. ओढ्याकाठचे धोंडे, झाडांची खोडं, जिथं हिरवं दिसेल तिथून विळ्यानं खरवडायचं, पाटीत भरायचं, कातळावर आणून दाबायचं. ठमीची नखं फाटली. पंधरा दिवसांत कातळावर चार बोटं जाड हिरवी गादी झाली. मग तिनं आढ्याला टांगलेलं नागलीचं बियाणं काढलं. उन्हाळाभर रानातले कंद उकडून खाल्ले होते, पण त्या गाठोड्याला हात लावला नव्हता. आता ते सगळं पेरलं.

चौथ्या दिवशी कोंब आले. ठमी दिवसभर तिथंच बसून पाखरं हाकायची. “आली रं,” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणायची.

वीस दिवस झाले तरी रोपं बोटाएवढीच राहिली. मग शेंड्याकडून पिवळी पडू लागली. चिंधूनं शाळेत जाऊन गुरुजींना बोलावून आणलं.

गुरुजींनी वाकून एक रोप उपटलं. ते शेवाळासकट हातात आलं. मुळं खाली दगडापर्यंत जाऊन आडवी वळली होती.

“याला खायाला कमी पडतंय का?” चिंधूनं विचारलं.

“हो.” गुरुजी मुळं दाखवत म्हणाले, “शेवाळाला खरी मुळं नसतात. हे तंतू दिसतात ना, ते दगडाला धरून राहायला. पाणी शेवाळ अंगानंच पितं. पावसातून, धुळीतून येईल तेवढ्या क्षारावर भागवतं आणि उन्हावर आपलं अन्न आपणच करतं. नागलीला मुळांवाटे खावं लागतं. इथं तिच्यासाठी काहीच नाही.”

“पण माती व्हते, तुमीच बोलले.”

“होते. शेवाळ मरतं, कुजतं, त्यावर धूळ बसते.”

“किती दिसांत?”

“शेकडो वर्षं लागतात, चिंधू. मी तेव्हा अर्धंच बोललो.”

ठमीनं गुरुजींच्या हातातलं रोप घेऊन खाली ठेवलं. “तुमचा काय दोष, गुरुजी. आमी इचारलाच नाय.”

गुरुजींनी पुढच्या वर्षासाठी बियाणं देऊ केलं. चिंधू म्हणाला, “पेरू कुठं?”

आठवडाभरात रोपं सुकून आडवी झाली. खरवडून आणलेलं शेवाळही थरावर थर दाबल्यानं आतून काळं पडलं होतं. श्रावणातल्या एका जोराच्या सरीत ते नागलीसकट वाहून गेलं. तारापूरला बिजलीघराचं काम चालू होतं, तिथं चिंधू दोनदा जाऊन आला. मुकादम जवान माणसंच घेत होता; चिंधूला त्यानं म्हातारा म्हणून परत पाठवलं.

दिवाळीनंतर दोघं पाड्यावरच्या इतरांबरोबर वैतरणेच्या बाजूला वीटभट्टीवर गेली. पावसाळ्यात पाड्यावरची बाकीची माणसं परतली; ही आली नाहीत. गुरुजींनी चौकशी केली. ठमी फागुनात तापानं गेली, असं एकानं सांगितलं. चिंधू त्यानंतर कुठं गेला, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.