मोटारीच्या दारावर फिरलेली जावळाची लोकर

मित्रांनो, मी सध्या एका खुंटीवर असते. परवा घरी आलेल्या पाहुण्याने मला पाहून विचारले, "ही करपल्याली भाकरी हितं कशाला टांगलीया?" मला भारी राग आला. मी भाकरी नाही. मी मोटारीला पॉलिश करणाऱ्या यंत्राची जुनी लोकरी चकती आहे. माझा काळेपणा एका मोटारीच्या दाराचा आहे, आणि त्या दारापायी एका माणसाची नोकरी जाणार होती.

माझा जन्म सांगवीच्या माळावर एका कोकराच्या पाठीवर झाला. कोकराची पहिली कातरलेली लोकर म्हणजे जावळ. तिच्या मऊपणाची सर पुढच्या कुठल्याच लोकरीला येत नाही. (ही माझी बढाई नाही, कुठल्याही धनगराला विचारा.) कुशाबाईने मला कातरले, रिठ्याच्या पाण्यात धुतले आणि गाठोड्यात बांधून ठेवले. तिच्या सुनेला दिवस गेले होते. येणाऱ्या बाळासाठी माझे दुपटे करायचे, असे तिच्या मनात होते. मीही त्याच आशेवर होते.

कुशाबाईचा मुलगा भिमा बारामतीच्या मोहनराव वकिलांची मोटार चालवायचा. १९३६ साल असावे. वकिलांना इंदापूरला मुक्कामी सोडून तो एकटाच परतत होता. लासुर्ण्याजवळ समोरून उसाची बैलगाडी आली आणि मोटारीच्या आवाजाने बैल बुजले. भिमाने मोटार पार रस्त्याखाली घेतली. बैल वाचले, पण कडेच्या बाभळीने डाव्या दारावर हातभर लांब ओरखडे ओढले.

वकिलांनी दार पाहिले तेव्हा ते ओरडले नाहीत, आणि कसे झाले तेही त्यांनी विचारले नाही. एवढेच म्हणाले, "शनिवारपर्यंत दार नीट झालं तर ठीक. नाहीतर दार जाईल पुण्याला रंगवायला, आणि तू जाशील सांगवीला मेंढरं राखायला."

भिमा आप्पा मिस्त्रींकडे धावला. इंदापूर रस्त्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये आप्पा विहिरीवरची इंजिने दुरुस्त करायचे. त्यांच्याकडे भोके पाडायचे, हाताने फिरवायचे एक यंत्र होते. त्याच्या तोंडाला लाकडी चकती लावून ते पितळ उजळायचे. मोटारीचा रंग त्यांनी कधी उजळला नव्हता, पण 'जमणार नाही' असे म्हणणे त्यांच्या स्वभावात नव्हते. फळीवर पॉलिशचे दोन डबे होते, एक खरखरीत आणि एक मऊ. आप्पांनी खरखरीत डबा उचलला. "जेवढं खरखरीत, तेवढं लौकर!" आणि चकतीवर बांधायला त्यांनी एका कोऱ्या घोंगड्याचा तुकडा कापला.

इथेच घोडे पेंड खाते! कोऱ्या घोंगड्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते. खळीने ते ताठ होते. पाऊस अडवायला ते झकास, पण रंगाला ती कानसच. शिवाय दारावरची धूळ धुवायची कुणाला आठवण झाली नाही. भिमाने दांडा फिरवला, आप्पांनी यंत्र जोर लावून दाबले, आणि बघता बघता सगळ्या काळ्या दारावर पांढुरकी वर्तुळे उमटली. आप्पांनी यंत्र खाली ठेवले.

तेवढ्यात कुशाबाई लेकाची भाकरी घेऊन आली. तिने यंत्रावरचा तुकडा चाचपला.

"आप्पा, ह्ये कोरं घोंगडं हाय व्हय? आवं, खळ धुतल्याबिगर आमी लेकराच्या अंगावर घालत न्हाय, आन् तुमी ह्या नाजूक रंगावर घासलं?"

"लोकर ती लोकर, आसं वाटलं मला," आप्पा खालच्या मानेने म्हणाले.

"म्हातारी मेंढी आन् कोकरू एकच का?"

ती घरी गेली आणि मला घेऊन आली. गाठोडे पाहताच भिमा म्हणाला, "आये, ती बाळाची हाय."

"बाळाच्या बाचं कामच ऱ्हायलं न्हाय, तर दुपटं घिऊन काय करू?"

जुन्या धोतराच्या घडीवर तिने माझे पुंजके दाट शिवले. मित्रांनो, खरे सांगते, त्या वेळी मला रडू आले. कुठे बाळाचे अंग आणि कुठे तो तेलकट डबा!

या वेळी दार कालव्याच्या पाण्याने तीनदा धुतले. आप्पांनी मऊ डबा उघडला आणि आधी दाराच्या खालच्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, मला फिरवून पाहिले. तिथे रंग चमकला. मग हलक्या हाताने, एका जागी न थांबता, दोन दिवस माझे फिरणे चालले. वर्तुळे गेली. बारीक ओरखडेही गेले. रोज संध्याकाळी कुशाबाई मला धुवायची आणि रोज पाणी काळे व्हायचे.

शनिवारी सकाळी एकच ओरखडा उरला. तो खोल होता, नख अडत होते.

"आप्पा, अजून जरा दाबा," भिमा काकुळतीला आला. "तेवढा ऱ्हायला तर सायेब पयला त्योच बघत्याल."

आप्पांनी मला उलटून त्याच्यासमोर धरले. "हिच्याकडं बघ. दाराचा रंग हिच्यावर आलाय. अजून घासलं तर खालचा पत्रा दिसंल. आता थांबायचं." भिमाने दांडा सोडला.

वकील आले. दारात त्यांना स्वतःच्या मिशा दिसल्या. मग त्यांचे नख नेमके त्या ओरखड्यावर अडले.

"हा राहिला."

"व्हय सायेब. त्यो काढाय गेलो आसतो तर हुता त्यो रंग बी गेला आसता. म्हणून थांबलो."

"आणि त्या दिवशी? बाभळीत कशाला शिरलास?"

"उसाची गाडी म्होरं हुती. बैल बुजलं. म्या सरळ गेलो आसतो तर गाडी रस्त्याकडंच्या चारीत गेली आसती."

वकिलांनी ते दार उघडले आणि आत बसले. "चल. इंदापूरला अकराला पोचायचंय."

त्यानंतर मी कितीतरी मोटारी उजळल्या. लोक आप्पांचे कौतुक करायचे आणि आप्पा माझे. पुढे त्यांनी पुण्याहून नव्या चकत्या आणल्या आणि मी कोपऱ्यात पडले. उंदरांनी माझी कड कुरतडली. एके दिवशी भिमाने मला पाहिले आणि उचलून घरी आणले.

माझ्यातून उरलेल्या लोकरीचे दुपटे काही झाले नाही, एक टोपडे तेवढे झाले. भिमाच्या लेकीने, झुंबरने ते घातले. आता ते तिला होत नाही, म्हणून माझ्या शेजारच्या खुंटीवर असते. एकाच कोकराचे आम्ही दोघे. ते पांढरे राहिले, मी काळी झाले.

मित्रांनो, कुठलीही वस्तू उजळायला घ्याल तेव्हा आधी तिची धूळ धुवा, मऊ हाताने सुरुवात करा आणि थांबायची वेळ ओळखा. आणि काम झाल्यावर आमच्यासारख्यांना उंदरांच्या तोंडी देऊ नका.

हो, त्या पाहुण्याचे सांगायचे राहिले. त्याचे बोलणे ऐकून झुंबर हसली, पण कुशाबाई हसली नाही. तिने मला खुंटीवरून काढले, पदराने पुसले आणि पुन्हा जागेवर ठेवले.

"भाकरीच हाय ती," ती म्हणाली. "आमची."

माझा राग तिथेच गेला.