बुजवलेली जाळी

मी गिरणीच्या बॉयलरवर आगवाला होतो. वाफेचा पाइप कुठं उघडा दिसला की माझं डोकं फिरायचं. उष्णता फुकट घालवणं हे मला पाप वाटे, आणि ते मी सगळ्यांना ओरडून सांगायचो.

शिवडीच्या नव्या कामगार वसाहतीत खोली मिळाली तेव्हा घराकडेही मी त्याच नजरेनं पाहिलं. एका दिव्यात भागावं म्हणून भिंतींना दोनदा चुना मारला. खोक्यात सुताचा कचरा ठासून भरला. अर्धकच्च्या भाताचं भांडं त्यात ठेवलं की भात आपल्याच वाफेवर शिजायचा. आईनं झाकण उघडून पाहिलं आणि ती हसली. त्या घरातलं तिचं पहिलं हसू.

तिचं मन तिथं लागत नव्हतं. माझी बायको शैला बाळंतपणाला गावी गेलेली. ती मूल घेऊन येईल तेव्हा आई घरात हवी, एवढाच माझा हट्ट होता. लालबागच्या चाळीतली आमची खोली महिनाअखेरीस सोडायची होती, आणि आई रोज तिकडेच परत जायचं काढायची.

"थय एका शेगडीवर धा घरां पेटत. हय सगळ्यांची दारां बंद. इस्तो मागूचो कोणाकडे, दत्ता?"

लग्न होऊन आल्यापासून तिनं घरातला विस्तव कधी विझू दिला नव्हता. राखेखाली झाकून ठेवायची. चाळीत शेगडी बाहेर गॅलरीत असायची. इथं गॅलरीच नव्हती. स्वयंपाकघराच्या छताजवळ सिमेंटची जाळी होती. तिच्यातून खाडीचा वारा घुसायचा, कोळसा भराभर जळायचा आणि दुपारपर्यंत शेगडी गार. आई तिच्यापुढं सुतक असल्यासारखी बसून राहायची.

एका रविवारी मी ती जाळी बुजवली. गोणपाट, सुताचा कचरा, वरून माती, वरून चुना. भिंतीत जाळी होती हे सांगूनही खरं वाटलं नसतं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत विस्तव टिकला. आईनं राख बाजूला करून लाल निखारा पाहिला.

"आता रव्हतंय मी हय," ती म्हणाली.

माझी छाती फुगली. शैलाला पत्रही टाकलं.

जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं कळलं आणि गिरणगाव रस्त्यावर आलं. गिरण्या बंद, दुकानं बंद, कोळशाची वखारही बंद. घरात दोन मुठी कोळसा उरला होता.

"आसा तितक्यात भागवतंय. इस्तो विझाचो नाय," आई म्हणाली.

सकाळी मोर्चाला निघताना मी दारातून ओरडलो, "आये, खिडकी लावून घे गो! अश्रुधूर आत येईल!"

दुपारी परतलो. हाका मारल्या, दार वाजवलं. समोरच्या रामदासनं आणि मी खांदे लावून कडी तोडली. आई शेगडीजवळ हातावर डोकं टेकून निजली होती. चेहरा लालसर, कधी नव्हे इतका टवटवीत. क्षणभर मला बरं वाटलं. मग मी तिला हात लावला.

आगीला हवा लागते, नाहीतर ती माणसाची हवा खाते, हे नव्या आगवाल्याला मी पहिल्याच दिवशी शिकवायचो. चुकला तर शिव्या घालायचो. आणि घरात मी काय केलं? माझ्या आईला मी मारलं. पंचनाम्यात काहीही लिहोत.

चाळीतली माणसं लालबागहून चालत आली. ज्या बायकांनी वर्षानुवर्षं तिच्याकडून निखारे नेले, त्या भिंतीशी बसून रडल्या. त्यांतल्या बकुळावहिनीनं विचारलं, "धूर जायला जाळी नाय रे ठेवली सरकारनं?" मी पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं.

संध्याकाळपर्यंत तिरडी बांधून झाली. चाळीतल्या शामरावकाकांनी माझ्या हातात मडकं दिलं आणि अग्नी कुठं आहे म्हणून विचारलं. वखारी तर बंदच होत्या.

मी शेगडीतली राख बाजूला केली. खाली निखारा होता. लाल, जिवंत. आईनं तो विझू दिला नव्हता.

तोच मडक्यात घेतला आणि तिच्यापुढं चालू लागलो.